पाचमिनिटे यांना खिडकीतून फेकण्याबाबत

एखाद्या भाषेत एखाद्या कृतीसाठी स्वतंत्र क्रियापद असेल, तर ती कृती त्या भाषेच्या माणसांना नित्य करावी लागत असली पाहिजे, हे उघड आहे. आपल्याकडे रुसणं आहे, कुरकुरणं आहे, रेंगाळणं आहे, आणि काही न करता काहीतरी चाललंय असं दाखवण्यासाठी चुळबुळणं आहे. इंग्रजीत रुसायला म्हणावा तसा शब्द नाही. पण माणसाला उचलून खिडकीतून बाहेर फेकायला आहे. डीफेनेस्ट्रेट. यावरून निष्कर्ष एकच निघतो, की ते लोक रुसत बसत नाहीत. (बाहेरच्या माणसाला खिडकीतून आत फेकण्यासाठी मात्र त्यांच्याकडेही क्रियापद नाही. तशी वेळ कुणावर येत नसावी.)

हे क्रियापद आमच्या कार्यालयात कसं आलं, त्याची ही हकीकत.

आमचं कार्यालय पत्ताबदल नोंदणीचं. माणसाने घर बदललं की ते आम्हाला कळवावं लागतं, आणि आम्ही मान्य करेपर्यंत तो कायद्याने जुन्याच घरात राहत असतो. आमच्या कामाचा दर्जा असा, की काहींची जुनी घरं पाडून तिथे पेट्रोलपंप झाले, तरी ती मंडळी अजून तिथेच राहतात.

तळमजल्यावर लोकांसाठी तीन खिडक्या आहेत. पहिलीवर अर्ज मिळतो, तिसरीवर तो नाकारला जातो. मधली खिडकी क्रमांक दोन ही चौकशीची. तिची काच बोटभर जाड आहे, काचेला तळहाताएवढं भोक आहे आणि तेही पोटाच्या उंचीला. बोलणाऱ्याला कमरेत वाकावं लागतं, त्यामुळे नम्रता आपोआप येते.

या खिडकीमागे पाचमिनिटे बसत. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव दुसरंच आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. खिडकीशी येऊन कुणी काहीही विचारलं, की ते काचेतून त्याच्याकडे प्रेमाने बघत आणि म्हणत, "पाच मिनिटं थांबा." कुणी कागद कुठले लागतात ते विचारलं, पाच मिनिटं थांबा. कुणी पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारलं, पाच मिनिटं थांबा. एका बाईंनी त्यांना किती वाजले असं विचारलं होतं. त्यांनाही थांबवून ठेवलं. बाकी माणूस देवासारखा. अंगाने भरलेला, वेळेवर येणारा आणि कुणाच्याही टेबलावरचं पेन न उचलणारा. या तिन्ही गोष्टी आमच्याकडे दुसऱ्या कुणा एका माणसात सापडणार नाहीत.

रांग मात्र दारातून बाहेर पडून, पोर्चखालून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेली. तक्रारी वरपर्यंत पोहोचल्या आणि साहेबांनी बैठक घेतली.

साहेब आमच्याकडे नवे होते. एका मोठ्या कार्यालयातून या लहान कार्यालयात ते का आले, हे कुणी विचारलं नव्हतं. बोलताना मधूनमधून अवघड इंग्रजी शब्द पेरायची त्यांना सवय. बैठकीत ते रांगेबद्दल बरंच बोलले आणि शेवटी पाचमिनिट्यांकडे बघून शांतपणे म्हणाले, "आता यांना डीफेनेस्ट्रेट करण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. हेडक्लार्क मोठ्या बाईंनी हलवली, युनियनच्या दादांनी हलवली, मीही हलवली. सगळ्यांत मनापासून मान हलवली ती पाचमिनिट्यांनी. साहेब त्याच दुपारी प्रशिक्षणाला रवाना झाले. प्रशिक्षणाचा विषय होता 'परिणामकारक संवाद', आणि त्या काळात फोन बंद ठेवणं सक्तीचं होतं.

बैठकीचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. ते आपल्या भाषेतच लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ लागेना तेव्हा मी मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अर्थ मला ठाऊक आहेच, पण तुमच्या समाधानासाठी शब्दकोश बघू. शब्दकोशात दोन अर्थ निघाले. पहिला, खिडकीतून बाहेर फेकणे. दुसरा, कंसात लाक्षणिक असं लिहून, पदावरून दूर करणे.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अर्थ तेच राहिले.

वरवर बघणाऱ्याला वाटेल की साहेबांना दुसरा अर्थ अभिप्रेत असणार. बाई वरवर बघणाऱ्या नव्हेत. पदावरून दूर करायचं म्हणजे आधी नोटीस, मग खुलासा, मग चौकशी अधिकारी, त्या अधिकाऱ्याची बदली, नवा चौकशी अधिकारी, सुनावणी, अपील. ज्यांना आमच्याकडे असं दूर करायला घेतलं, ते सगळे यथावकाश सन्मानाने निवृत्त झाले, आणि दोघांच्या निरोपसमारंभात तर चौकशी अधिकाऱ्यानेच भाषण केलं. याउलट कर्मचाऱ्याला खिडकीतून फेकण्याविरुद्ध सेवानियमांत एक ओळही नाही. त्याला नोटीस लागत नाही, मंजुरी लागत नाही. खिडकी तेवढी लागते. शिवाय लाक्षणिक आदेश पाळण्याची आमच्या कार्यालयाला परवानगीच नाही.

म्हणून इतिवृत्तात मी लिहिलं, 'श्री. पाचमिनिटे यांना खिडकीतून बाहेर फेकावे. कार्यवाही : हेडक्लार्क.'

हे पाचमिनिट्यांना समजावून सांगायला बाईंना कागदावर लिहून दाखवावं लागलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेन्शनवर काही परिणाम होणार का, एवढंच विचारलं. होणार नाही असं कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ही बातमी दिली. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"कितव्या मजल्यावरून?" काकूंनी विचारलं.

"पहिल्या."

"मग गुडघ्याचा पट्टा लावून जा."

(हा संवाद आम्हाला कळायचं कारण असं, की काकू घरात इतक्या मोठ्याने बोलतात की तो अर्ध्या चाळीला कळतो. शेजारी त्यांना भांडकुदळ समजत. खरं कारण पुढे कळलं.)

युनियनच्या दादांनी प्रकरण हाती घेतलं. फेकण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता, पद्धतीला होता. खिडकी सोडल्यापासून खाली टेकेपर्यंतचा काळ कामावर असल्याचा धरावा, फेकणारा हा फेकल्या जाणाऱ्यापेक्षा कनिष्ठ दर्जाचा नसावा आणि फेकणं जेवणाच्या सुट्टीत करू नये, अशा मागण्या होत्या. सगळ्या मान्य झाल्या. प्रवासभत्ता तेवढा नाकारला गेला, कारण अंतर कमी होतं आणि दिशा खालची होती.

मग खिडकीचा प्रश्न आला. पाचमिनिट्यांची नेमणूक खिडकी क्रमांक दोनवर, तेव्हा न्यायाने त्यांना त्याच खिडकीतून फेकायला हवं होतं. पण भोक तळहाताएवढं. मापं घेऊन झाल्यावर तो विचार सोडून द्यावा लागला. बाकीच्या खिडक्यांना गज. इमारतीत बिनगजाची खिडकी एकच, आणि ती पहिल्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या मागे. तिच्याखाली कंबरभर अंतरावर पोर्चचा सपाट स्लॅब होता. म्हणजे बाहेर फेकलेला माणूस स्लॅबवर पडणार होता, अंगणात नव्हे. दादांना ही पळवाट वाटली. बाई म्हणाल्या, शब्दकोशात खिडकीतून बाहेर एवढंच आहे, किती खाली ते दिलेलं नाही.

ठरल्या दिवशी काकू घरून गादी घेऊन आल्या. कार्यालयाची गादी मिळत होती, पण तिच्यात ढेकूण असतील म्हणाल्या. गादी स्लॅबवर पसरली. नियमाप्रमाणे फेकणार मोठ्या बाई, कारण त्याच वरिष्ठ. बाई अंगाने उदबत्तीएवढ्या आणि पाचमिनिटे दोघांच्या बाकावर एकटे बसणारे. सगळं कार्यालय केबिनमध्ये जमलं होतं. इतका वेळ आम्ही थट्टेवारी नेलं होतं, पण ते खिडकीच्या चौकटीवर चढून पाठमोरे बसले आणि त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली दिसली, तेव्हा दादांनी मागण्यांचा कागद घडी करून खिशात घातला. तीस वर्षं ते याच इमारतीत आत बसले होते.

बाईंनी त्यांच्या पाठीला दोन बोटं लावली.

"येतो मग," पाचमिनिटे म्हणाले, आणि स्वतःच उतरले.

गादी धपकन वाजली. कुठेही लागलं नाही. काकूंनी खिडकीतून हात घालून त्यांचा शर्ट सारखा केला आणि डबा दिला. मी वेळ नोंदवून घेतली आणि आदेशाची पूर्तता झाली.

आता पूर्तता झाल्यावर लक्षात आलं, की त्यांना परत आत घेण्याचा आदेश कुठेच नाही. फेकलेला माणूस आपल्या अधिकारात आत घेणं म्हणजे साहेबांचा निर्णय फिरवणं. तेव्हा साहेब येईपर्यंत त्यांनी कार्यालयीन वेळेत स्लॅबवर थांबावं असं ठरलं. रोज सकाळी ते केबिनमध्ये येऊन सही करत, खिडकी ओलांडत आणि संध्याकाळी खिडकीतूनच घरी जायला निघत. त्यांना एक खुर्ची आणि छत्री देण्यात आली.

पहिल्या दिवशी ते नुसते बसून होते. खाली रांग होती. कुणीतरी वर बघितलं आणि ओरडून विचारलं, "ओ काका, भाड्याचं घर असलं तर काय आणायचं?"

पाचमिनिटे खुर्चीतून उठून कठड्याशी आले आणि त्यांनी उत्तर दिलं. भाडेकरार आणा, मालकाची सही आणा, वीजबिल नको. ते लगेच दिलं, पूर्ण दिलं आणि थांबा म्हटलं नाही. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. तीस वर्षांत या माणसाला सगळे नियम पाठ झाले होते, फक्त ते बाहेर आले नव्हते. त्यातून असं उघडकीला आलं, की रांगेतल्या दर दहा माणसांपैकी नऊ चुकीच्या रांगेत उभी असतात आणि दहावा योग्य रांगेत, पण चुकीच्या कार्यालयात. नऊ जण आपापल्या रांगेत गेले, दहावा घरी गेला. आठवडा संपायच्या आत रांग अंगणातून पोर्चखाली आली, पोर्चखालून दारात आली, आणि एके सकाळी खिडकी क्रमांक तीनवर नाकारायला कुणी शिल्लक राहिलं नाही. तिथला कर्मचारी खचला. त्याला रजा द्यावी लागली.

मी रोज खिडकीतून त्यांना चहा देत असे. एकदा राहवलं नाही आणि खालच्या गोंगाटावर ओरडून विचारलं, की हे सगळं तुम्ही आत बसून का सांगत नव्हता?

त्यांनी चहा संपवला. "इथे लोक ओरडून बोलतात," ते म्हणाले. "ऐकू येतं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. काचेमागे त्यांना कित्येक वर्षांपासून काही ऐकूच येत नव्हतं. ओठ हलताना दिसत, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून ते थांबा म्हणत. दरम्यान त्या माणसाला जे हवं ते कळेल किंवा तो निघून जाईल अशी आशा असायची. काकूंना हे माहीत होतं, म्हणून त्या घरात मोठ्याने बोलत.

"अहो, मग परत विचारायचं," मी त्याच आवाजात म्हटलं. "म्हणायचं, मला कळलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काचेतून बघत तसंच, प्रेमाने. "तुम्ही साहेबांना विचारलंत?"

मी कप घेऊन आत आलो.

साहेब परतले ते टॅक्सीने, कळवल्याशिवाय, कार्यालयाची परीक्षा घ्यावी म्हणून. पोर्चसमोर उतरले आणि वरून आवाज आला. पाचमिनिट्यांना वरून फक्त टोपी दिसत होती. त्यांनी टोपीला सांगितलं, मूळ कागद आणलेत का, झेरॉक्स समोरच्या दुकानात मिळेल, आणि ही रांग तुमची नाही, ती पलीकडची. सांगण्यात इतका ठामपणा होता की साहेब निमूटपणे पलीकडच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे दोनच माणसं होती, म्हणून आपण कोण हे त्यांच्या लवकर लक्षात आलं.

वर केबिनमध्ये त्यांना आपल्या खुर्चीमागे उघडी खिडकी दिसली आणि खिडकीपलीकडे आपला कर्मचारी. बाईंनी इतिवृत्त पुढे केलं. आपल्या आदेशानुसार, म्हणाल्या. साहेबांनी ते वाचलं आणि आपल्याकडे शब्दकोश आहे का असं विचारलं. मी पान काढून दिलं. पहिला अर्थ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचला. त्यांना तो ठाऊकच नव्हता.

बाई बाहेर गेल्यावर ते माझ्याशी बोलले, बहुधा कुणाशी तरी बोलायचं म्हणून. हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो त्या मोठ्या कार्यालयात, त्यांच्या साहेबांच्या तोंडून, आणि तो त्यांच्याच बाबतीत वापरला होता. भर बैठकीत. त्यांनी मान हलवून थँक यू म्हटलं होतं. घरी केक नेला होता. अर्थ कळला तो बदलीचा आदेश हातात पडल्यावर.

"माझ्या वेळी कुणी खिडकीसुद्धा उघडली नव्हती," साहेब म्हणाले. मग उठले, खिडकीशी गेले आणि पाचमिनिट्यांना छत्री नवी हवी का असं विचारलं. पाचमिनिट्यांनी मान हलवली. साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा, ओरडून विचारला. तेव्हा हो म्हणाले.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण रांग नसलेलं कार्यालय म्हणजे काहीतरी गैरप्रकार, या संशयावरून मुख्यालयाने तपासणीपथक पाठवलं. पथकाने स्लॅब बघितला, गादी बघितली, लोकांना विचारलं. लोक म्हणाले, काका सांगतात ते पहिल्यांदाच कळतं. पथकाने साहेबांना विचारलं, की हे कसं सुचलं? साहेब म्हणाले, डीफेनेस्ट्रेशन. पथकाने माना हलवल्या.

महिन्याभरात परिपत्रक निघालं. प्रत्येक कार्यालयाने दर तिमाहीत किमान एक कर्मचारी डीफेनेस्ट्रेट करावा. जिथे पोर्च नसेल तिथे तो बांधावा. तळमजल्यावरच्या कार्यालयांनी आपल्यावर अन्याय झाल्याचं निवेदन दिलं, त्यांना मजला मंजूर झाला. ज्येष्ठतेच्या याद्या लागल्या. ओळखीपाळखीने लोक लवकर फेकले जाऊ लागले, त्याबद्दल कुजबुज झाली. लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडचे सांगू लागले, की मुलगा कायम आहे आणि दोन वर्षांत डीफन होईल. (एवढा लांब शब्द रोज कोण उच्चारणार?) खिडकी क्रमांक दोनची काच काढून टाकावी, म्हणजे आत बसूनही ऐकू येईल, अशी एक सूचना काकूंनी तोंडी केली होती. काचेची नोंद स्थावर मालमत्तेत असल्यामुळे ती अव्यवहार्य ठरली.

पाचमिनिटे त्याच स्लॅबवरून निवृत्त झाले. निरोपाला रांगेतली माणसं आली होती, रांग नसताना. ते आता काकूंबरोबर रोज फिरायला जातात आणि कुणाचं काही ऐकू आलं नाही तर सरळ कानाला हात लावून "काय म्हणालात?" असं विचारतात. लोकांना ते उद्धट वाटतं.

साहेबांना बढती मिळाली. मागच्या महिन्यात त्यांनी शहरातल्या जाणत्या नागरिकांना सभागृहात बोलावून कामकाजातली पुढची सुधारणा जाहीर केली. ते म्हणाले, कर्मचाऱ्यांच्या बाजूने जे करता येण्यासारखं होतं ते झालं, आता येत्या वर्षात आम्ही सर्व अर्जदारांना ॲब्रोगेट करणार आहोत. टाळ्या थांबेनात. मी घरी येऊन शब्दकोश काढला. रद्द करणे. या शब्दाला लाक्षणिक अर्थ दिलेला नाही.

त्या सभागृहात तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी मंचावरून बघत होतो, इतिवृत्त लिहायचं होतं म्हणून. टाळ्या तुम्ही शेवटपर्यंत वाजवल्यात आणि शेजारच्यांना काहीतरी समजावूनही सांगितलंत. तुमचा अर्ज आमच्याकडे आहे. कार्यवाही माझ्याकडेच आली आहे, आणि काही विचारायचं असेल तर मीही आता रोज अकरा ते पाच स्लॅबवर असतो.